फोनवरून ई-मेल: पहिल्या मेलपासून भरलेल्या खात्यापर्यंत

व्हॉट्सॲपवर फोटो, पीडीएफ आणि बोललेले निरोप सराईतपणे पाठवणारी माणसं ई-मेल म्हटलं की अडखळतात. यात त्यांची फारशी चूक नाही. मेलची मांडणी झाली ती संगणकाच्या रुंद पडद्यासाठी. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला निरोप पाठवला तेव्हा पत्त्याच्या मधोमध @ हे चिन्ह बसवलं, ते अजून तिथेच आहे. कुणाकडून, कुणाला, प्रत कुणाला, विषय काय, ही कागदी पत्राची चौकटही तशीच आहे. फोनचा पडदा मात्र तळहाताएवढा. मग ॲप यातलं निम्मं घडी घालून ठेवतं: पाठवणाऱ्याचा खरा पत्ता दिसत नाही, फक्त नाव दिसतं. प्रतीच्या ओळी मिटलेल्या असतात. आपण कुठल्या खात्यातून लिहितोय ते एका बारीक ओळीत असतं. फोनवर होणारे बहुतेक घोळ या घड्यांमध्येच होतात. म्हणून खाली जिथे ‘दाबून बघा’ म्हटलंय, तिथे खरंच दाबून बघा.

सगळी माहिती अँड्रॉइड फोनवरच्या जीमेल ॲपला धरून आहे, कारण बहुतेकांच्या फोनमध्ये ते आधीपासून असतं. बटणांची नावं इंग्रजी मांडणीतली दिली आहेत. फोन मराठीत ठेवला असेल तर शब्द वेगळे दिसतील, चिन्हं आणि जागा त्याच राहतील.

खातं आहे का, आणि ते कुणी काढलं?

फोनवर प्ले स्टोअर चालत असेल तर गूगलचं खातं बहुधा आहेच. जीमेल उघडा, वर उजवीकडच्या गोल फोटोवर किंवा अक्षरावर बोट ठेवा. तिथे दिसतो तो तुमचा पत्ता. अडचण अशी की पुष्कळदा हे खातं फोन विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने घाईत काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याने ठेवलेला, आणि तो तुम्हालाही माहीत नाही आणि आता त्यालाही आठवत नाही. फोन चालू आहे तोवर काही बिघडत नाही. फोन हरवला की मात्र खातंही गेलं. म्हणून पहिलं काम हे: त्याच गोल चिन्हाखाली ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’मध्ये जा, सिक्युरिटीच्या विभागात ‘रिकव्हरी फोन’ (खातं परत मिळवताना ओळख पटवायचा नंबर) बघा. तिथे तुमचाच चालू नंबर हवा. नसेल तर बदला आणि लगेच पासवर्डही नवा ठेवा. जुना पासवर्ड ठाऊक नसेल तर ‘फर्गॉट पासवर्ड’ने सुरुवात करा. स्वतःच्याच फोनवरून करत असाल तर बहुधा फोनच्या लॉकवरूनच ओळख पटवली जाते.

नवं खातं काढायचं असेल तर @ च्या आधीचं नाव ६ ते ३० अक्षरांचं लागतं: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब एवढंच चालतं. जीमेल टिंबं मोजत नाही. नाव आणि आडनावामध्ये टिंब दिलं काय, न दिलं काय, मेल एकाच खात्यात येतो. नाव निवडताना ते बँकेच्या खिडकीवर तोंडी सांगायची वेळ येणार आहे हे लक्षात असू द्या. ‘दीपक’ला दोन ई की एक आय, ‘शिंदे’च्या शेवटी ई की आय, यावर अर्ज चुकतात. सोपं स्पेलिंग घ्या. जन्मसाल घालू नका. ते अनेक ठिकाणी पासवर्डचा भाग असतं, पुढे आधारच्या संदर्भात ते येईलच.

पहिला मेल

उजवीकडे खाली पेन्सिलीचं ‘कंपोज’ बटण आहे. ते दाबलं की कोरं पान उघडतं. आता पानावर ओळी ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने भरू नका. पाठवण्याचा बाण वर उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या टप्प्यात असतो. पत्ता आधी भरलेला असला तर अर्धवट मजकूर घेऊन मेल सुटतो. पत्ता नसेल तर मेल जाऊच शकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी कागद जोडा. वरच्या पेपरक्लिपवर बोट ठेवा, फाइल किंवा फोटो निवडा, खाली तिचं नाव दिसतंय याची खात्री करा.

२. मग ‘सब्जेक्ट’च्या ओळीत विषय.

३. मग मजकूर.

४. मग ‘फ्रॉम’ची ओळ बघा. फोनवर दोन खाती असतील, एक तुमचं, एक मुलाचं किंवा ऑफिसचं, तर चुकीच्या खात्यातून मेल जाणं हा नेहमीचा घोळ आहे. ओळीवर दाबलं की खातं बदलता येतं.

५. शेवटी ‘टू’मध्ये पत्ता. मग बाण.

बाण दाबल्यावर खाली काही सेकंद ‘अनडू’ दिसतं. तेवढ्यात दाबलं तर मेल मागे येतो. त्यानंतर गेलेला मेल परत घेता येत नाही. व्हॉट्सॲपसारखं ‘सर्वांसाठी हटवा’ इथे नाही. समोरच्याच्या खात्यात गेलेली प्रत त्याची झाली. नवख्यांनी आणखी एक करावं: डावीकडच्या तीन रेघांत शेवटी ‘सेटिंग्ज’, मग ‘जनरल सेटिंग्ज’, आणि तिथे ‘कन्फर्म बिफोर सेंडिंग’ चालू करावं. प्रत्येक वेळी ‘पाठवू का?’ असं विचारलं जाईल. पहिले दोन महिने हा त्रास सोसावा.

पत्ता टाइप करताना फोनचा कीबोर्डच घात करतो. टिंब दिलं की तो आपणहून पुढे जागा सोडतो, ‘कॉम’चं ‘कॉन’ होतं, टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो, आणि जीमेलमधली दोन अक्षरं उलटसुलट पडतात. कॅपिटल की छोटं अक्षर याने फरक पडत नाही, मात्र पत्त्यात जागा कुठेही चालत नाही. पत्ता पुरा झाला की तो गोळीसारख्या चौकटीत बसतो. त्या चौकटीवर दाबून बघा, पूर्ण पत्ता उलगडतो. सूचनांमधून नाव निवडलं असेल तर हे करायलाच हवं. फोनमध्ये तीन ‘सचिन’ असतात आणि ॲप तुम्ही शेवटी ज्याला लिहिलं त्याला वर आणतं.

‘टू’च्या उजवीकडे खाली वळलेलं छोटं टोक आहे. ते दाबलं की ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ या ओळी उघडतात. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टंकलेखन यंत्रात कार्बन पेपर घालून काढायचे ती. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ लिहितात तीच. उत्तर ज्याच्याकडून हवं तो ‘टू’मध्ये, नुसतं कळावं असा माणूस सीसीमध्ये. बीसीसीमधला पत्ता इतर कुणालाच दिसत नाही. सोसायटीच्या ऐंशी सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवताना सगळे पत्ते बीसीसीतच घाला आणि ‘टू’मध्ये स्वतःचाच पत्ता ठेवा. नाहीतर ऐंशी जणांचे पत्ते ऐंशी जणांकडे जातात, आणि पार्किंगवरून कुणी ‘सर्वांना उत्तर’ दिलं की दिवसभर सगळ्यांचे फोन वाजत राहतात. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० मेलची मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं साधारण एक दिवस बंद होतं.

विषय आणि मजकूर

विषयाच्या ओळीत ‘नमस्कार’ किंवा ‘अर्जंट’ लिहिलेला मेल सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही. ‘फ्लॅट ३०२: छताची गळती, दुरुस्तीची विनंती’ किंवा ‘लिपिक पदासाठी अर्ज, स्नेहल जाधव’ असा विषय द्या. तक्रार, वर्ष, क्रमांक, नाव, जे पुढे शोधावं लागेल ते विषयात हवं.

मजकुरात शाळेत शिकवलेली पत्राची पद्धत उपयोगी पडते, फक्त कात्री लावून. ‘स. न. वि. वि.’ ऑफिसच्या मेलमध्ये नको, ‘महोदय’ किंवा ‘नमस्कार’ पुरे. पहिल्या दोन वाक्यांत काय हवंय ते यावं, कारण समोरचाही फोनवरच वाचतोय आणि यादीत त्याला तेवढंच दिसतं. शेवटी नाव आणि फोन नंबर. हे दर वेळी लिहायचा कंटाळा असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या खात्यावर दाबून ‘मोबाइल सिग्नेचर’मध्ये एकदाच लिहून ठेवा. व्हॉट्सॲपसारखं चार ओळींचे चार मेल करू नका.

मराठीत लिहायला जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा. देवनागरी कीबोर्ड मिळतो आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचाही. माइकवर दाबून बोललं तरी उमटतं, पण पूर्णविराम आणि विशेषनामं पाठवण्याआधी तपासा. आडनावांचे फार हाल होतात.

जोडायचे कागद

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा थांबू.

आजकालच्या फोनचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. जीमेलमधून एका मेलला एकूण २५ एमबीपर्यंत जोडता येतं, पण त्या काठापर्यंत जाऊ नका. मेल हा मुळात अक्षरांसाठी बनलेला, त्यामुळे कुठलीही फाइल पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि वाटेत ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. १५ एमबीची फाइल वाटेत २० होते. शिवाय कित्येक कार्यालयांचे सर्व्हर (मेल घेणारे-पाठवणारे मोठे संगणक) १० एमबीच्या वरचं काही घेतच नाहीत. मूळ फाइल ७ एमबीच्या आत ठेवली की बहुतेक ठिकाणी अडत नाही.

म्हणून कागदाचा फोटो पाठवू नका, स्कॅन पाठवा. गूगल ड्राइव्ह ॲप उघडा, खाली कॅमेऱ्याचं चिन्ह आहे ते दाबा. कागद गडद रंगाच्या सपाट जागेवर ठेवा. पांढऱ्या चादरीवर ठेवला तर ॲपला कागदाच्या कडा सापडत नाहीत. खिडकीजवळ उजेडात उभे राहा, पण आपली सावली कागदावर पडू देऊ नका. एक पान झालं की अधिकच्या चिन्हाने पुढचं. सगळी पानं मिळून एकच पीडीएफ होते, आणि पाच फोटोंपेक्षा ती बरीच हलकी असते. जतन करताना तारखेचं आपोआप आलेलं नाव खोडून ‘जाधव_स्नेहल_गुणपत्रिका’ असं नाव द्या. बाहेर पाठवायचं असेल तर फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत बरं. काही जुन्या यंत्रणांत देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आयफोनवाल्यांसाठी: तिथले फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि जुन्या विंडोजवर ते उघडत नाहीत. ‘सेटिंग्ज’, ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये येतात.

फाइल मोठीच असेल, लग्नाचा व्हिडिओ म्हणा किंवा घराचे नकाशे, तर ती आधी ड्राइव्हवर चढवा आणि पेपरक्लिपमधून ‘ड्राइव्ह’ निवडून दुवा घाला. मग मेलमधून फाइल जात नाही, फक्त तिचा पत्ता जातो. तो उघडायची परवानगी दिली नसेल तर समोरच्याला ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दिसतं आणि तो चिडतो. पाठवताना ॲप परवानगीबद्दल विचारतं, तो प्रश्न न वाचता पुढे जाऊ नका. ‘दुवा असलेला कुणीही’ ही परवानगी लग्नाच्या व्हिडिओला ठीक, पॅनकार्डाला नाही.

मराठी फाइलींचा एक खास आजार आहे. डीटीपीच्या दुकानातून किंवा जुन्या संगणकावरून आलेली वर्ड फाइल फोनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपीसारख्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच उमटणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, आणि तो फाँट तुमच्या फोनमध्ये नसतो. फोनवर यावर इलाज शोधत बसू नका. पाठवणाऱ्याला त्याच्याच संगणकावरून पीडीएफ करून पाठवायला सांगा. पीडीएफमध्ये फाँट सोबत येतो. मजकूर बदलायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून मागा.

ई-आधारची पीडीएफ पाठवल्यावर समोरून हमखास ‘उघडत नाही’ असं उत्तर येतं. तिला पासवर्ड असतो: आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, आणि लगेच जन्मसालाचे चार आकडे. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. जिथे चालत असेल तिथे ‘मास्क्ड’ आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

जीमेल काही फाइली जाऊच देत नाही. ॲपची एपीके फाइल आणि विंडोजची ईएक्सई फाइल अडवली जाते, झिपमध्ये गुंडाळली तरी.

आणि शेवटचं: ‘रिप्लाय’ केल्यावर मूळ मेलमधले कागद सोबत जात नाहीत, ‘फॉरवर्ड’ केल्यावर जातात. ‘वर जोडलेली पावती पहा’ असं लिहून तिसऱ्या माणसाला उत्तरात सीसी केलं, तर त्याला पावती मिळतच नाही.

गेला का?

डावीकडच्या तीन रेघांत ‘सेंट’ उघडा. तिथे दिसला तर तुमच्याकडून गेला. ‘ड्राफ्ट्स’मध्ये असेल तर बाण दाबलाच गेला नाही. ‘आउटबॉक्स’मध्ये अडकला असेल किंवा ‘क्यूड’ असं दिसत असेल, तर तीन शक्यता: इंटरनेट नाही, कागद फार जड आहे, किंवा खात्याचं सिंक (फोन आणि सर्व्हर यांची मेलची देवाणघेवाण) बंद आहे. एसटीत, घाटात, कमकुवत नेटवर्कवर १५ एमबीचा मेल तासभर लटकू शकतो. वायफायवर आल्यावर आपोआप जातो. तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवू नका, मागाहून सगळे एकदम जातात.

‘सेंट’मध्ये असूनही पोचला नाही, तर ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ नावाने परत मेल येतो. पोस्टमनने ‘पत्ता अपुरा’ शेरा मारून पत्र परत आणावं तसं. घाबरून तो काढून टाकू नका, त्यात तीन आकड्यांचा शेरा असतो. ५.१.१ म्हणजे असं खातंच नाही, पत्ता तपासा. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली आहे, त्याला फोन करा. ५.३.४ म्हणजे मेल त्यांच्यासाठी फार मोठा. ५.७ ने सुरू होणारा शेरा म्हणजे त्यांच्या सर्व्हरने सुरक्षेच्या नियमात अडवला. पहिला आकडा ५ च्या जागी ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो, तुम्ही काही करायचं नाही.

आलेला मेल दिसत नाही

यादीत मेलवर बोट आडवं घासलं गेलं की तो नाहीसा होतो. ही नवख्यांची सर्वांत मोठी धास्ती, आणि ती बिनबुडाची. जीमेलमध्ये घासणं म्हणजे मुळात ‘अर्काइव्ह’, म्हणजे टेबलावरचा कागद कपाटात टाकणं. तीन रेघांतल्या ‘ऑल मेल’मध्ये तो सुखरूप असतो. सारखं असं होत असेल तर ‘जनरल सेटिंग्ज’मधल्या ‘स्वाइप ॲक्शन्स’मध्ये दोन्ही बाजूंना ‘नन’ करून टाका.

त्यानंतर ‘प्रमोशन्स’ (जाहिरातींचा कप्पा) आणि ‘स्पॅम’ (जीमेलला नकोसे वाटलेले मेल) बघा. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, कॉलेजची गुणवत्ता यादी, अशा मेलची वाट पाहत असाल तर रोज एकदा स्पॅम उघडा. तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. ‘ट्रॅश’चंही तेच.

मेल येतो पण तासाभराने, एकदम दहा, असं होत असेल तर फोन बॅटरी वाचवतोय. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘जीमेल’, ‘बॅटरी’ इथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. काही चिनी कंपन्यांच्या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी कळ असते, तीही चालू लागते. मेल अजिबातच येत नसेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये खात्यावर दाबून ‘सिंक जीमेल’समोर खूण आहे का बघा. त्याच पानावर ‘डेज ऑफ मेल टू सिंक’ असतं, मुळात ३०. इंटरनेट नसताना जुने मेल दिसत नाहीत ते यामुळे. ते पुसले गेलेले नसतात.

शोधायचं असेल तर वरच्या पट्टीत नाव लिहा आणि खाली येणाऱ्या ‘फ्रॉम’, ‘अटॅचमेंट’, ‘डेट’ या गोळ्या वापरा. विषयात नेमके शब्द लिहिण्याचा फायदा इथे कळतो.

पंधरा जीबी भरले

जीमेलची १५ जीबी जागा एकट्या मेलची नाही. ड्राइव्ह, गूगल फोटोज आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळे त्याच कोठारात. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढणारा प्रत्येक फोटो यात मोजला जातो. कोठार भरलं की नवा मेल येणं बंद होतं, आणि पाठवणाऱ्याला तो परत जातो. बँकेचा, प्रवेशाचा, कुणाचाही.

साफसफाईला जाहिरातींपासून सुरुवात करू नका. हजार जाहिराती मिळून जेमतेम एका व्हिडिओएवढ्या भरतात. गोल चिन्हावर दाबलं की जागा किती भरली ते दिसतं, तिथूनच आत जाऊन कशाने भरली ते बघा. बहुधा गुन्हेगार व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधले व्हिडिओ असतात. व्हॉट्सॲपच्या ‘चॅट बॅकअप’मध्ये ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. मेलमधले जड कागद शोधायला शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘लार्जर’ लिहा, लगेच विसर्गासारखी दोन टिंबं, मग १० आणि एम, मध्ये कुठेही जागा न सोडता. आकडा इंग्रजीच हवा. १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. हवे ते कागद फोनवर उतरवून घ्या, बाकी काढा. यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: ‘ट्रॅश’ उघडून ‘एम्प्टी ट्रॅश नाऊ’ करा. कचरापेटीतला मेलही जागा खातो.

जाहिरातींचा इलाज वेगळा. ज्या दुकानांना तुम्ही स्वतः पत्ता दिला होता त्यांच्या मेलवर ‘अनसबस्क्राइब’ दिसतं, ते दाबा. अनोळखी भामट्याच्या मेलमध्ये तळाशी असलेला तसला दुवा मात्र दाबू नका, त्याला फक्त हे कळतं की या पत्त्यावर कुणीतरी राहतं. तिथे वरच्या तीन टिंबांतून ‘रिपोर्ट स्पॅम’.

खोटे मेल

नाव कुणालाही काहीही लावता येतं. ‘आयकर विभाग’ असं नाव लावून कुठल्याही फुकट खात्यातून मेल येऊ शकतो, आणि फोनवर फक्त नाव दिसतं. मेल उघडून नावाखालच्या ‘टू मी’शेजारच्या टोकावर दाबा, खरा पत्ता उलगडतो. तो उजवीकडून डावीकडे वाचा. सरकारी पत्त्याचा शेवट जीओव्ही.इन किंवा एनआयसी.इन असा असतो. ही अक्षरं मध्ये कुठेतरी आणि शेवट भलताच असेल तर तो मेल खोटा. आयकराचा परतावा, वीज आज रात्री तोडणार, केवायसी संपलं, पार्सल कस्टममध्ये अडकलं, हे नेहमीचे सापळे. घाई करायला लावणं हीच त्यांची खूण. दुवा दाबू नका. बँकेचं किंवा खात्याचं संकेतस्थळ स्वतः उघडून तिथे बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, पहिले काही तास मोलाचे असतात.

आपल्या खात्याला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेला कोडही मागितला जातो. तिथेच ‘बॅकअप कोड्स’ मिळतात: आठ आकड्यांचे दहा, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. मुलांकडे अमेरिकेत सहा महिने जाणाऱ्या आई-बाबांना याची फार गरज पडते, कारण रोमिंग न घेतलेल्या भारतीय सिमवर तिथे कोड येत नाही, आणि नवा टॅब्लेट जोडताना खातं तोच कोड मागतं. रिचार्ज न करता सिम पडून राहिलं तर नंबर कालांतराने दुसऱ्याला दिला जातो. सिम बंद करण्याआधी रिकव्हरी नंबर बदला.

ऑफिसचं खातं, आणि फोन बदलताना

जीमेल ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातंही बसतं: गोल चिन्ह, ‘ॲड अनदर अकाउंट’, मग ‘अदर’. विचारलं तर ‘आयमॅप’ निवडा, ‘पॉप’ नको. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो आणि फोन, संगणक दोन्हीकडे सारखा दिसतो. पॉप तो फोनवर उतरवतो, बऱ्याचदा सर्व्हरवरून काढूनही टाकतो. सर्व्हरच्या दाराचा क्रमांक म्हणजे पोर्ट: येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव ऑफिसच्या संगणक विभागाकडून लिहूनच घ्या. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर चूक जाणाऱ्या पोर्टात किंवा तिथल्या पासवर्डात असते.

जुना फोन विकताना किंवा भाच्याला देताना आधी फोनच्या सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मधून गूगल खातं काढा, मगच ‘फॅक्टरी रिसेट’ करा. फोनवरून खातं काढल्याने ते पुसलं जात नाही, मेल सगळे नव्या फोनवर येतात. उलट खातं न काढता बटणं दाबून रिसेट केलं, तर सुरू झाल्यावर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि भाचा तुम्हाला फोन करतो.